सॉफ्टवेअर चाचणी साधनांचे एकात्मीकरण

सॉफ्टवेअर चाचणी साधनांचे एकात्मीकरण म्हणजे मोठ्या संस्थेतील निरनिराळे विभाग सॉफ्टवेअर तपासण्यासाठी जी वेगवेगळी साधने वापरतात, त्यांची परस्परांशी सांगड घालणे होय. एका साधनाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्या साधनाला वाचता यावा, एका विभागाला सापडलेला दोष दुसऱ्या विभागाला कळावा आणि 'हे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देण्याजोगे झाले आहे काय' या प्रश्नाचे उत्तर साऱ्या संस्थेला एकाच ठिकाणी मिळावे, हा त्यामागील हेतू असतो. बँका, विद्यापीठे, शेअर बाजार, रेल्वे, वीज कंपन्या आणि शासकीय खाती यांच्या एकेका सेवेमागे अनेक प्रणाली काम करीत असतात. त्यांतील प्रत्येक प्रणाली स्वतंत्रपणे तपासली गेली, म्हणजे त्या सर्व मिळून बनणारी सेवा तपासली गेली असे होत नाही. या विषयाचे महत्त्व मुख्यतः या वस्तुस्थितीत आहे.

'चाचणी साधनांचे एकात्मीकरण' आणि 'एकात्मीकरण चाचणी' या दोन संज्ञांची पुष्कळदा गल्लत होते. सॉफ्टवेअरचे दोन वा अधिक भाग जोडल्यावर ते एकत्र नीट चालतात की नाही हे पाहणे, ही एकात्मीकरण चाचणी. ही आणि अशा इतर चाचण्या ज्या साधनांनी केल्या जातात ती साधने एकमेकांना जोडणे, हे साधनांचे एकात्मीकरण. पहिली गोष्ट दुसरीवाचून करता येते. परंतु संस्था मोठी असेल तर ती फार काळ नीट करता येत नाही.

पार्श्वभूमी

संगणकाच्या आरंभीच्या काळात प्रोग्राम लिहिणारा माणूसच तो तपासत असे आणि तपासणे व दुरुस्त करणे यांत फारसा भेद मानला जात नसे. ग्लेनफर्ड मायर्स यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' या ग्रंथाने या विचाराला वेगळे वळण दिले. सॉफ्टवेअर बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी चाचणी करावयाची नसून त्यातील चुका शोधण्यासाठी करावयाची असते, अशी मायर्स यांची भूमिका होती. चाचणीची कागदपत्रे कशी ठेवावीत याविषयीचे आयईईई ८२९ हे मानक १९८३ साली आले. त्या काळी चाचणी म्हणजे बहुतांशी हाताने करावयाचे काम होते. एका वहीत पायऱ्या लिहिलेल्या असत आणि तपासनीस त्या पायऱ्या एकामागून एक करून पाही.

चाचणी स्वयंचलित करण्याला खरी गती १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिचहून अटलांटाकडे जाणाऱ्या विमानप्रवासात जे-युनिट या साधनाचा पाया घातला. प्रोग्रामच्या लहानात लहान भागाची, म्हणजे एककाची, चाचणी प्रोग्रामरनेच लिहावी आणि यंत्राने ती हवी तितक्या वेळा चालवावी, ही कल्पना त्यामुळे सर्वत्र पसरली. जेसन हगिन्स यांनी २००४ साली शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत असताना सेलेनियम तयार केले. त्यामुळे ब्राउझरमधील बटणे दाबणे, अर्ज भरणे यांसारख्या क्रिया यंत्राकडून करवून घेणे शक्य झाले. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणारे कोसुके कावागुची यांचे हडसन हे साधन कोडमध्ये बदल होताच चाचण्या आपोआप सुरू करून देई. पुढे २०११ साली त्याच्या मुख्य प्रवाहाला जेन्किन्स हे नाव मिळाले.

ही साधने मुक्त स्रोत स्वरूपाची आणि विनामूल्य होती. ती वापरण्यासाठी खरेदी विभागाची मंजुरी लागत नव्हती, त्यामुळे प्रत्येक गटाने आपल्या सोयीचे साधन उचलले. एखाद्या संस्थेत दहा वर्षांनी पाहावे तर एककचाचणीची तीन, ब्राउझर चाचणीची दोन, भारचाचणीची दोन आणि दोषनोंदीची चार साधने नांदत असत. एकात्मीकरणाचा प्रश्न निर्माण झाला तो साधने कमी पडल्यामुळे नव्हे, तर ती फार झाल्यामुळे.

साधनांचे प्रकार

एककचाचणीची साधने कोडच्या लहान तुकड्यांची तपासणी करतात. स्थितिक विश्लेषणाची साधने प्रोग्राम न चालवता, केवळ त्याचा मजकूर वाचून दोष हेरतात. ब्राउझर व मोबाइल चाचणीची साधने वापरकर्त्याच्या कृतींचे अनुकरण करतात. भारचाचणीची साधने एकाच वेळी हजारो माणसे सेवा वापरू लागली तर काय होईल ते दाखवतात आणि सुरक्षा चाचणीची साधने घुसखोरीच्या वाटा शोधतात. यांखेरीज चाचण्यांची यादी ठेवणारी, दोषांची नोंद ठेवणारी आणि सर्व चाचण्या ठरलेल्या क्रमाने चालवणारी साधने असतात. या शेवटच्या गटातील साधने स्वतः काहीच तपासत नाहीत. मात्र एकात्मीकरणाचा भार प्रामुख्याने त्यांच्यावरच पडतो.

एकात्मीकरण कसे होते

शाळेच्या वार्षिक निकालाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. दहा तुकड्यांच्या दहा शिक्षकांपैकी कोणी शंभरपैकी गुण दिले, कोणी पन्नासपैकी, कोणी श्रेणी दिली आणि कोणी केवळ 'समाधानकारक' असा शेरा मारला, तर मुख्याध्यापकांना शाळेचा निकाल लावता येणार नाही. सर्वांनी एकाच पद्धतीने शिकवावे असे कोणी म्हणत नाही. परंतु गुणांचा तक्ता एका नमुन्यात असला पाहिजे आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक सर्व तक्त्यांत एकच असला पाहिजे. साधनांच्या एकात्मीकरणाचे मर्म याहून फारसे वेगळे नाही.

हजेरी क्रमांकाच्या जागी येथे समान ओळखक्रमांक असतो. 'खातेदाराला दिवसातून ठरावीक रकमेपेक्षा अधिक पैसे काढता येऊ नयेत' अशी एक अपेक्षा घेतली, तर तिला एक क्रमांक मिळतो. ती तपासणाऱ्या प्रत्येक चाचणीत, त्या चाचणीत सापडलेल्या प्रत्येक दोषात आणि दोष दूर करणाऱ्या कोडमधील प्रत्येक बदलात तोच क्रमांक नोंदवला जातो. या साखळीला मागोवाक्षमता म्हणतात. ती असेल तर एखादा नियम बदलताच कोणत्या चाचण्या बदलाव्या लागतील हे काही क्षणांत कळते. ती नसेल तर ते केवळ जुन्या माणसांच्या आठवणीवर अवलंबून राहते आणि जुनी माणसे निवृत्त होतात.

गुणतक्त्याच्या नमुन्याच्या जागी निकालाचा समान आराखडा असतो. या बाबतीतला इतिहास गमतीचा आहे. जे-युनिटच्या चाचण्यांचे निकाल एक्सएमएल स्वरूपात लिहिण्याची जी पद्धत जावा जगात रूढ झाली, ती कोणत्याही मानक संस्थेने ठरवली नव्हती. अँट नावाच्या दुसऱ्याच एका साधनाने सोयीसाठी ती वापरली. जेन्किन्सने ती वाचायला आरंभ केला, मग इतर भाषांतील चाचणी साधनेही त्याच स्वरूपात निकाल देऊ लागली आणि पाहता पाहता तीच बोलीभाषा प्रमाणभाषा झाली. पर्ल भाषेच्या परंपरेत १९८७पासून चालत आलेली टॅप ही पद्धतही अशीच साधी आहे: प्रत्येक ओळीत एक चाचणी आणि तिच्यापुढे 'ठीक' किंवा 'ठीक नाही' इतकाच शेरा.

तिसरी गोष्ट म्हणजे चाचणीचे वातावरण. एका विभागाने आपली चाचणी मागील महिन्याच्या डेटावर केली आणि दुसऱ्याने काल्पनिक डेटावर, तर दोन्ही निकाल खरे असूनही एकत्र ठेवता येत नाहीत. म्हणून समान चाचणी डेटा आणि प्रत्यक्ष सेवेच्या शक्य तितके जवळ जाणारे वातावरण संस्थेने एकदाच तयार करावे व सर्वांनी वापरावे, असा संकेत आहे. यात खऱ्या नागरिकांची नावे, आधार क्रमांक व खाते क्रमांक जसेच्या तसे वापरणे गैर मानले जाते. 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३' संमत झाल्यापासून भारतात या बाबीकडे अधिक काळजीने पाहिले जाते. डेटाचा आकार व वळण कायम ठेवून ओळख पुसून टाकणे, याला डेटा-आच्छादन म्हणतात.

शेवटची गोष्ट म्हणजे या सर्व चाचण्या ठरलेल्या क्रमाने आपोआप चालवणारी पाइपलाइन. कोडमध्ये बदल झाला की प्रथम स्थितिक विश्लेषण, मग एककचाचणी, मग जोडलेल्या भागांची चाचणी, मग भार आणि सुरक्षा अशी ती पुढे सरकते. मध्येच एखादी पायरी नापास झाली तर पुढचा मार्ग बंद होतो.

हे घडवून आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात संपूर्ण संस्थेसाठी एकच साधन ठरवले जाते व बाकीची बंद केली जातात. हा मार्ग कागदावर आकर्षक दिसतो आणि वरिष्ठांना आवडतो. दुसऱ्या मार्गात विभागांना आपापली साधने ठेवू दिली जातात. केवळ ओळखक्रमांक, निकालाचा आराखडा आणि पाइपलाइन समान ठेवली जाते. पहिल्या मार्गाने गेलेल्या संस्थांत काही वर्षांनी नवे तंत्रज्ञान येते, ठरवलेले साधन त्याला पुरे पडत नाही आणि विभाग पुन्हा गुपचूप आपापली साधने आणू लागतात. दुसरा मार्ग कमी नेटका असला तरी अधिक टिकाऊ ठरतो.

जगातील सर्वांत मोठ्या उदाहरणांपैकी एक गूगलचे आहे. त्या कंपनीचे बहुतेक कोड एकाच भांडारात ठेवलेले आहे आणि चाचण्या चालवणारी यंत्रणाही एकच आहे. तेथील अभियंत्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार ही यंत्रणा १३ हजारांहून अधिक प्रकल्पांसाठी दररोज सुमारे १५ कोटी वेळा चाचण्या चालवीत होती. हे प्रमाण सामान्य संस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे, परंतु तत्त्व तेच आहे.

मुंबई विद्यापीठातील २०१७चे निकाल

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत झोंबणारी आठवण मुंबई विद्यापीठाच्या २०१७ मधील उन्हाळी परीक्षांची आहे. साधने जोडण्यात आलेल्या अपयशाचे हे शब्दशः उदाहरण नव्हे. पण दुवे एकत्र तपासले गेले नाहीत तर काय होऊ शकते, हे त्यावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होईल.

या विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. मुंबईबरोबरच ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे परीक्षा विभागात घेतलेला निर्णय थेट तलासरी, डहाणू आणि आशागडच्या परिसरातील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतो. २०१७ साली विद्यापीठाने सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. पडद्यावरील तपासणी तेथे अगदी नवी नव्हती. अभियांत्रिकीसाठी ती आधी वापरली गेली होती. नवे होते ते तिचे प्रमाण. ४७७ परीक्षा आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका यांना ही पद्धत एकदम लागू करण्यात आली. परीक्षा मार्चमध्ये सुरू झाल्या होत्या आणि सेवापुरवठादार निश्चित होईपर्यंत एप्रिल उजाडला होता.

पद्धत सांगायला सोपी होती. उत्तरपत्रिकेवर सांकेतिक पट्टी असावी, तिची पाने स्कॅन व्हावीत, ती सर्व्हरवर चढावीत, योग्य विषयाच्या शिक्षकाला आपल्या महाविद्यालयातील संगणकावर दिसावीत, त्याने दिलेले गुण साठवले जावेत आणि शेवटी परीक्षा विभागाच्या निकालप्रणालीत योग्य बैठक क्रमांकापुढे उमटावेत. यात किमान सहा सांधे आहेत. प्रत्यक्षात स्कॅनिंग रेंगाळले, शिक्षकांना प्रणालीत प्रवेश मिळण्यात अडथळे आले, काहींना आपल्या विषयाबाहेरच्या उत्तरपत्रिका दिसल्या आणि काही उत्तरपत्रिका वेळेवर सापडेनात. तत्कालीन राज्यपाल व कुलपती चे. विद्यासागर राव यांनी सर्व निकालांसाठी ३१ जुलै ही मुदत घालून दिली होती. ती उलटली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. महाविद्यालये बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावे लागले. पदव्युत्तर व विधी अभ्यासक्रमांचे प्रवेश रखडले आणि परदेशी जाण्याच्या तयारीत असलेल्या अनेकांपुढे गुणपत्रिकेअभावी अडचणी उभ्या राहिल्या. कुलगुरू संजय देशमुख यांना २४ ऑक्टोबर २०१७ रोजी पदावरून दूर करण्यात आले.

यातील एकेक भाग वेगळा काढून पाहिला तर तो चालत होता. स्कॅनर पाने टिपत होते, सर्व्हर चालू होते, निकालप्रणाली जुनीच आणि परिचयाची होती. अडले ते सांध्यांवर आणि भारापाशी. एका लहान परीक्षेच्या काही हजार उत्तरपत्रिका पट्टीपासून गुणपत्रिकेपर्यंत संपूर्ण मार्गाने नेऊन पाहणे, त्यानंतर कृत्रिम उत्तरपत्रिका वापरून तोच मार्ग लाखोंच्या भारासह तपासणे आणि प्रत्येक सांध्यावर 'आत किती गेल्या, बाहेर किती आल्या' याचा मेळ घेणे, एवढे करण्यासाठी काही महिने लागतात. एप्रिल ते जून या काळात ते महिने उपलब्ध नव्हते. शाळेतला कारकूनही पेपरांचे गठ्ठे देताना-घेताना मोजून सही घेतो. या साध्या मेळाला सॉफ्टवेअरच्या भाषेत ताळमेळ चाचणी म्हणतात आणि एकात्मिक चाचणीव्यवस्थेत ती सर्वांत आधी बसवावी लागते.

त्याच वर्षी राज्य शासनाच्या शेतकरी कर्जमाफी योजनेतही सांध्यांचाच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला. दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांकडून अर्ज ऑनलाइन मागवण्यात आले होते आणि ते बँकांच्या नोंदींशी पडताळून पाहायचे होते. बँकांकडून आलेल्या माहितीत तफावती निघाल्या, एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आढळला आणि जाहीर झालेल्या याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. अर्जाचे संकेतस्थळ चालते की नाही हे पाहणाऱ्या चाचण्या अशा वेळी अपुऱ्या पडतात; आत येणारा डेटाच चाचणीच्या कक्षेत घ्यावा लागतो.

शेअर बाजारातील सराव सत्रे

याच मुंबईत उलट बाजूचे उदाहरणही आहे. शेअर बाजारात बाजाराची मुख्य प्रणाली, शेकडो दलालांची आपापली सॉफ्टवेअरे, बँका, समाशोधन संस्था आणि डिपॉझिटरी अशा भिन्न मालकीच्या प्रणाली रोज एकत्र काम करतात. त्या सर्वांनी एकच चाचणी साधन वापरावे असा आदेश देणे अशक्य आहे. म्हणून बाजारांनी वेगळा उपाय काढला. सुट्टीच्या दिवशी, बहुधा शनिवारी, सराव सत्र भरवले जाते. खोटे सौदे होतात, पण मार्ग खराच असतो. सेबीने २०१३ साली काढलेल्या परिपत्रकानुसार दलालांना आपले सॉफ्टवेअर प्रत्यक्ष बाजारात आणण्यापूर्वी अशा चाचण्यांतून नेणे आवश्यक ठरले. येथे साधने वेगवेगळीच राहिली. चाचणीचा दिवस, तिची रीत आणि निकालाची नोंद मात्र एक झाली.

तरीही सर्व काही सुरळीत झाले असे नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर सकाळी पावणेबाराच्या सुमारास थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. पर्यायी केंद्र असूनही व्यवहार तिकडे का वळवले नाहीत, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी विशेष सत्रे भरवून खरे व्यवहार मुख्य केंद्रावरून आपत्कालीन केंद्राकडे प्रत्यक्ष वळवून पाहण्यात आले.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेशी याची तुलना करण्यासारखी आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपले सर्व ग्राहक नव्या प्रणालीवर एकाच टप्प्यात हलवले आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यांपर्यंत पोहोचण्यात अडचणी आल्या. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत असे निष्पन्न झाले की नवी प्रणाली दोन डेटा केंद्रांवर चालणार होती, पण भारचाचणी मात्र एकाच केंद्रावर करण्यात आली होती. दोन्ही केंद्रे सारखीच आहेत असे गृहीत धरले गेले होते. ती तशी नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

पुणे आणि मुंबई येथील कार्य

चाचणी साधनांच्या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ साली पुण्यात टाटा संशोधन, विकास व अभिकल्पन केंद्र स्थापन केले. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने निघालेल्या या केंद्राचे पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव हे होते. सॉफ्टवेअर हातांनी विणण्याऐवजी साधनांच्या साहाय्याने घडवावे, हा विचार या केंद्रात दीर्घकाळ जोपासला गेला. मास्टरक्राफ्ट ही साधनमाला आणि स्थितिक विश्लेषणाची साधने येथील संशोधनातून पुढे आली. येथेच विकसित झालेल्या व्हेरिअ‍ॅब्स या साधनाने सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० आणि २०२१ साली एका मुख्य विभागात पहिला क्रमांक मिळवला. हे साधन एकाच युक्तीवर विसंबत नाही. समोरच्या प्रोग्रामचे वळण पाहून ते अनेक पडताळणी तंत्रांतून योग्य तंत्र निवडते आणि एक हरले तर दुसरे वापरते. संस्थेच्या पातळीवर जे एकात्मीकरण अपेक्षित असते, त्याची लहान प्रतिकृतीच येथे पाहायला मिळते.

मुंबईत २०११ साली रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल या भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील माजी विद्यार्थ्यांनी ब्राउझरस्टॅक ही कंपनी स्थापन केली. नाना प्रकारचे ब्राउझर आणि खरे मोबाइल संच दूरस्थ केंद्रात ठेवून ते चाचणीसाठी भाड्याने देणे, हा तिचा व्यवसाय. सेलेनियमसारख्या मुक्त साधनात लिहिलेली चाचणी तशीच या संचांवर चालवता येते, हे तिच्या प्रसाराचे एक कारण आहे. अशा सेवांचा एक उपयोग आपल्याकडे दुर्लक्षिला जातो. नेटवर्क मुद्दाम मंद करून सेवा कशी चालते ते पाहण्याची सोय त्यांत असते. मुंबईच्या कार्यालयात क्षणात उघडणारा अर्ज डहाणू तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा जव्हार-मोखाड्याकडे जुन्या मोबाइलवर अर्ध्यावर अडकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी अशा रीतीने अडकला, तर त्याची नोंद कोणत्याही दोषयादीत होत नाही. तो विद्यार्थी केवळ यादीत नसतो. मंद नेटवर्कवरील चाचणी पाइपलाइनमध्ये सक्तीची करणे हे खर्चाचे काम नाही, केवळ ठरवण्याचे आहे.

शासकीय प्रणालींच्या तपासणीसाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाच्या अखत्यारीत एसटीक्यूसी संचालनालय १९८०पासून कार्यरत असून त्याची एक प्रयोगशाळा मुंबईत अंधेरी येथे आहे.

देवनागरी मजकुराची चाचणी

परदेशी बनावटीच्या चाचणी साधनांबरोबर येणारा नमुना डेटा बहुधा इंग्रजी असतो. मराठी सेवेची चाचणी त्यावर केल्यास काही दोष कधीच दिसत नाहीत. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला डोंगरांतील, दुसरा समुद्राचा. त्यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक, टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलंत जोडून, दुसरा, साध्या र पुढे हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न असतात. 'ॲ' या अक्षराचेही तसेच आहे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वीच्या नोंदींत ते 'अ' आणि चंद्र मिळून लिहिलेले आढळते. परिणामी एका खात्याच्या प्रणालीतील 'सुर्वे ॲग्रो' दुसऱ्या खात्याच्या प्रणालीत शोधूनही सापडत नाही. दोन्ही खात्यांच्या चाचण्या मात्र उत्तीर्ण झालेल्या असतात, कारण प्रत्येकाने आपल्याच पद्धतीने टंकलेले नाव आपल्याच प्रणालीत शोधलेले असते.

जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असल्या तर गुंता वाढतो. सीमाभागात त्याला आणखी एक पदर आहे. तलासरी तालुका गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांना लागून असल्याने एकाच माणसाचे नाव एका कागदावर मराठीत, दुसऱ्यावर गुजरातीत आणि तिसऱ्यावर इंग्रजीत असणे स्वाभाविक आहे. गावांच्या नावांची इंग्रजी वर्णरचनाही कार्यालयागणिक बदलते. अशा नावांचा एक सामायिक संच तयार करून सर्व खात्यांच्या चाचण्यांत तोच वापरणे, हा मराठी प्रदेशातील एकात्मीकरणाचा आवश्यक भाग मानला पाहिजे. हे काम संगणकतज्ज्ञांइतकेच भाषा जाणणाऱ्यांचे आहे.

अडचणी

एकात्मीकरणानंतर पहिला त्रास होतो तो चंचल चाचण्यांचा. कोडमध्ये काहीही बदल नसताना एकदा उत्तीर्ण आणि एकदा नापास होणाऱ्या चाचणीला चंचल म्हणतात. गूगलने २०१६ साली दिलेल्या माहितीनुसार तेथील सुमारे १६ टक्के चाचण्यांत कमीअधिक चंचलता होती आणि उत्तीर्ण असलेली चाचणी नापास होण्याच्या प्रसंगांपैकी सुमारे ८४ टक्के प्रसंग चंचलतेमुळे घडलेले होते. एका विभागापुरती ही डोकेदुखी सहन होते. सर्व विभाग एका पाइपलाइनवर आले की एकाची चंचल चाचणी सर्वांचा मार्ग अडवते. मग लोक नापास निकालाकडे दुर्लक्ष करू लागतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट येथे अक्षरशः घडते.

दुसरी अडचण कंत्राटांची. भारतातील मोठ्या सार्वजनिक प्रणाली बहुधा अनेक पुरवठादारांकडून करवून घेतल्या जातात. प्रत्येक पुरवठादार आपल्या भागाच्या चाचणीचा अहवाल देतो आणि करारानुसार त्याचे काम तेथे संपते. चाचण्यांचे कोड व निकाल पुरवठादाराच्याच साधनांत राहतात; कंत्राट संपले की तेही जातात. निविदेतच दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: चाचण्या आणि त्यांचे निकाल ही संस्थेची मालमत्ता राहील, आणि सर्व भाग जोडून केलेल्या चाचणीची जबाबदारी नाव घेऊन कोणा एकावर असेल. ही दुसरी ओळ अनेकदा कोणाच्याच करारात नसते.

माणसांचा प्रश्न उरतोच. ज्या विभागाने वर्षानुवर्षे स्वतःचे साधन जोपासले, त्याला आपले दोष साऱ्या संस्थेच्या फलकावर दिसणे रुचत नाही. दोषांच्या संख्येवरून विभागाची प्रतवारी लावू लागल्यास दोष कमी होण्याऐवजी त्यांच्या नोंदी कमी होतात. ज्या संस्थांत फलक केवळ दोष शोधण्यासाठी वापरला जातो आणि वेतनवाढीशी त्याचा संबंध ठेवला जात नाही, तेथे विभाग आपणहून साधने जोडून देतात. आरंभ सर्वांत मोठ्या विभागापासून न करता दोन विभागांमधील एखाद्या त्रासदायक सांध्यापासून करणे सोयीचे पडते. तेथे मिळालेला फायदा दोघांनाही लगेच दिसतो आणि तिसरा विभाग विचारणा करू लागतो.